भाताची रास आणि ‘लीलावती’तील शंकू

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या परिसरात भात हे मुख्य पीक होय. खळ्यावर ओतलेले भात आपोआप शंकूचा आकार धारण करते. वक्रपृष्ठ घनाकृतींच्या इतिहासात आपले लक्ष सहसा गोलाकडे जाते. परंतु आपल्या गणितपरंपरेने धान्याच्या ह्या शंकूलाही ‘राशिव्यवहार’ नामक स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’नुसार राशीचा केवळ परीघ मोजावा. उंची त्यावरूनच काढावयाची : जाड्या धान्यात परिघाचा दहावा, बारीक धान्यात अकरावा आणि कुसळाच्या धान्यात नववा भाग. परिघाच्या षष्ठांशाच्या वर्गास उंचीने गुणिले म्हणजे घनफळ मिळते. कुसळाच्या धान्याच्या राशीचा परीघ ६० हात असल्यास घनफळ सुमारे ६६७ घनहात, म्हणजे तितक्याच मागधी खारी, येते. हा नियम ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तही आढळतो.

परीघ व्यासाच्या नेमका तिप्पट मानला तरच हा नियम शंकूच्या घनफळाशी जुळतो. वस्तुतः त्याच ‘लीलावती’त हे गुणोत्तर ३९२७ : १२५० असे सूक्ष्म दिले आहे, सूचीचे घनफळ एक-तृतीयांश असते हे सांगितले आहे, गोलाचे घनफळही अचूक आहे. ह्या साधनांनी वरील राशीचे घनफळ सुमारे ६३७ येते. नियमाचे उत्तर शेकडा पाचांच्या आसपास अधिक आहे.

ह्यास अज्ञान म्हणता येणार नाही. नववा, दहावा, अकरावा हे भाग भूमितीतून निघालेले नसून निरीक्षणातून आले आहेत. त्यांवरून राशीचा उतार अनुक्रमे सुमारे ३५, ३२ व ३० अंशांचा ठरतो. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास अधिक उभी राहते. धान्याचा वर्ग ठरविण्यात चूक झाली, नवव्या भागाऐवजी दहावा घेतला, तर वरील उदाहरणात ६७ खारींचा फरक पडतो. स्थूल गुणोत्तराने पडतो तो ३० खारींचा. जेथे उंचीच अंदाजाची, तेथे परिघाचे सूक्ष्म गुणोत्तर घेऊन विशेष लाभ नाही. शिवाय तीनाने गुणणे व तीनाने भागणे परस्परांस छेदून जात असल्याने हिशेब दोरीने व तोंडी करता येतो.

तथापि एक भेद विसरता कामा नये. निरीक्षणातील चूक दोन्ही बाजूंस झुकू शकते. गुणोत्तराची चूक मात्र सदैव एकाच बाजूस, अधिकाकडे, झुकते. कोकणात खोताचा वाटा दीर्घकाळ धान्यरूपाने दिला जात असे. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. तेथे हा नियम वापरीत असत असे सुचवावयाचे नाही. परंतु असा वाटा जर राशीच्या गणिताने ठरविला, तर शंभरामागील पाचांचा भार नेहमी देणाऱ्यावरच पडेल. म्हणून ह्या नियमाचे खरे स्थान साठ्याच्या अंदाजात आहे. वाट्यासाठी मापच भरले पाहिजे.