कोवळ्या ताऱ्यांचे क्ष-किरण

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी उरकत येते, तेव्हा मृग नक्षत्र रात्रीच्या पहिल्या प्रहरीच पूर्वेला वर आलेले असते. विदर्भातले गोंड या ताऱ्यांत नांगर पाहतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून ही परंपरा नोंदवली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. याच नक्षत्रातल्या तीन ठळक ताऱ्यांच्या रांगेखाली एक अंधूक डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा हा तेजोमेघ नवजात ताऱ्यांनी भरलेला आहे. त्यांतल्या अनेकांभोवती वायू-धुळीची तबकडी फिरते आणि अशाच तबकड्यांतून ग्रह घडतात.

अशा कोवळ्या ताऱ्यांच्या शोधाची सुरुवात मात्र शेजारच्या वृषभ राशीत झाली. कृत्तिका आणि रोहिणी यांच्या दरम्यानचा टी टॉरी हा तारा जॉन रसेल हिंड यांना १८५२ मध्ये सापडला. त्याचे तेज सतत कमी-जास्त होई. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी अशा ताऱ्यांचा वेगळा गट पाडला. लवकरच व्हिक्टर अंबार्तसुम्यान यांनी हे तारे वयाने अगदी लहान असल्याचे मांडले.

पुढची पायरी होती ताऱ्यांचे क्ष-किरण टिपण्याची; ते वातावरणातच शोषले जात असल्याने ती आकाशात चढूनच गाठावी लागली. १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने रॉकेटमधून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला. भारतात टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून हे काम सुरू केले. १९७८ मध्ये आइन्स्टाइन ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली आणि तिला टी टॉरी गटातले तारे क्ष-किरणांत तळपताना दिसले, काही तर सूर्याच्या हजारपटीने.

हे किरण येतात कुठून? तबकडीतला वायू ताऱ्यावर कोसळतो, त्या धडकेतून की ताऱ्याच्या चुंबकीय वादळांतून? २००२ मध्ये चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदींतून टीडब्ल्यू हायड्री या कोवळ्या ताऱ्यापुरते उत्तर मिळाले. त्याचा क्ष-किरण देणारा वायू सुमारे तीस लाख अंशांचा होता. चुंबकीय वादळांतल्या वायूच्या मानाने हे तापमान कमीच, घनता मात्र कितीतरी जास्त. सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने कोसळणारा वायू पृष्ठभागाशी आदळून असाच तापतो. जानेवारी २००३ मध्ये चंद्राने मृगातला तेजोमेघ जवळपास तेरा दिवस न्याहाळला आणि सोळाशेहून अधिक स्रोत नोंदवले. तिथे बहुतेक किरण चुंबकीय वादळांचेच निघाले. उलट, वायू गिळणारे तारे क्ष-किरणांत सरासरीने काहीसे मंद आढळले. म्हणजे दोन्ही उत्तरे खरी, पण चुंबकत्वाचा वाटा मोठा.

या प्रश्नाशी आपलाही संबंध आहे. क्ष-किरण तबकडीचा वरचा थर तापवून वायू उडवून लावतात. वायू किती काळ टिकतो, त्यावर गुरूसारखे मोठे ग्रह घडण्याची मुदत ठरते. सूर्यही कधीकाळी असाच उग्र होता.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा खगोल-उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट झेपावला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण कुलिंदर पाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेत घडली. तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे एकात एक बसवले आहेत. किरण त्यांना निसटते घासून केंद्राकडे वळतात. मृगाच्या दाटीतले तारे सुटे करण्याइतकी तिची नजर तीक्ष्ण नाही. पण अ‍ॅस्ट्रोसॅट एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणही पाहतो. कोसळत्या वायूने तापलेला डाग अतिनीलमध्ये उजळतो, म्हणून एकाकी तरुण ताऱ्यांसाठी ही जोडी मोलाची आहे.

इस्रोने २०१८ पासून अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथल्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी या नोंदी विद्यार्थ्यांच्या हाती द्याव्यात. त्यासाठी दुर्बीण विकत घ्यावी लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढे पुरते.