मुंबईतील ग्रंथालये व संग्रहालये

मुंबई शहरात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून स्थापन झालेल्या वाचन, संशोधन व लोकशिक्षण यांसाठीच्या संस्था. यांतील बहुतेक जुन्या वास्तू दक्षिण मुंबईत आहेत. निवडक सभासदांपुरते मर्यादित असलेले ज्ञानसंग्रह क्रमाने सर्वसामान्य नागरिकांस खुले होत गेले, हे त्यांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने २६ नोव्हेंबर १८०४ रोजी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली व फोर्ट भागातील टाउन हॉलमध्ये (पूर्ण १८३३) स्थिरावली. २००२ पासून ती ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ म्हणून ओळखली जाते. आरंभी तिचे सभासदत्व यूरोपीयांपुरतेच होते. माणेकजी खरशेटजी यांना प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. १८४० मध्ये ते पहिले भारतीय सभासद झाले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड व पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या पुरातत्त्वीय संशोधनास याच संस्थेचे व्यासपीठ लाभले. १८९२ मध्ये न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. दान्तेच्या डिव्हाइन कॉमेडीचे हस्तलिखित आणि सोपारा येथील स्तूपात १८८२ मध्ये सापडलेले अवशेष हे तिच्या संग्रहाचे भूषण होय.

याच काळात इतर वर्गांतही वाचनाची आस्था वाढली. टांकसाळ व सरकारी गोदी यांतील तरुण यंत्रज्ञांनी १८४७ मध्ये आपल्यासाठी एक संस्था काढली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८७० मध्ये तिची इमारत पूर्ण झाली. हेच काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालय होय. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी धन दिले. त्यावरील राजाबाई मनोरा (१८७८) त्यांच्या मातेच्या नावाने उभा आहे.

या ग्रंथालयांत इंग्रजी ग्रंथांचे प्राबल्य होते. मराठी ग्रंथांच्या संग्रहाची उणीव प्रथम ठाणे येथे १८९३ मध्ये वि. ल. भावे प्रभृतींनी व मुंबईत १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेने भरून निघू लागली. दादर येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने शाखांच्या द्वारे मराठी ग्रंथ उपनगरांपर्यंत नेले.

निरक्षरांनाही वस्तूंच्या दर्शनाने शिक्षण देणारे साधन म्हणून संग्रहालयांचे महत्त्व मोठे आहे. भायखळा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीत झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्यास १९७५ मध्ये देण्यात आले. घारापुरीचा पाषाणाचा हत्ती त्याच्या आवारातच आहे. १९२२ मध्ये खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम १९९८ पासून ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ या नावाने ओळखले जाते. वरळी येथील नेहरू तारांगण (१९७७) व नेहरू विज्ञान केंद्र (१९८५) यांनी ही परंपरा विज्ञानाच्या क्षेत्रात विस्तारली.

विद्यापीठ ग्रंथालय, ससून ग्रंथालय व छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांचा अंतर्भाव असलेल्या वास्तुसमूहास २०१८ मध्ये यूनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. तथापि दगडी वास्तूंपेक्षा त्यांतील कागद अधिक नाशवंत आहे. समुद्रकाठच्या दमट हवेने व कसरीने जुने ग्रंथ जीर्ण होतात. त्यांची पाने संगणकीय प्रतिमांत उतरविण्याचा एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथसंजीवनी’ हा उपक्रम जतनाबरोबरच दूरच्या वाचकासही हे भांडार खुले करणारा आहे.