यीस्टमधील प्रतिलेखन घटक व पेशीविभाजन

सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये पेशीविभाजनाची जनुके वेळच्या वेळी चालू किंवा बंद करणारी प्रथिने म्हणजे प्रतिलेखन घटक. डीएनएवरच्या ठरावीक जागी ती बसतात आणि लगतच्या जनुकाचे प्रतिलेखन सुरू करतात वा रोखतात. बेकरीतला पाव याच यीस्टने फुगतो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांत मळीचे अल्कोहोलही हेच यीस्ट करते.

यीस्ट मुकुलनाने वाढते. मातृपेशीला अंकुर फुटतो, तो वाढून कन्यापेशी होते. पोषण चांगले असेल तर या फेरीला सुमारे दीड तास लागतो. फेरी सुरू करायची की नाही, हे ‘स्टार्ट’ या टप्प्यावर ठरते. तो लेलंड हार्टवेल यांनी ओळखला. २००१च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात पॉल नर्स व टिम हंट यांच्यासह त्यांचा वाटा होता. स्टार्टपूर्वी व्हि-५ हे प्रथिन एसबीएफ या घटकाला दाबून ठेवते. पेशी पुरेशी वाढली की सायक्लिन व सीडीके या प्रथिनांची जोडी व्हि-५वर फॉस्फेट चढवते, ते केंद्रकाबाहेर पडते आणि एसबीएफ मोकळा होतो. तो आणखी सायक्लिन तयार करवतो आणि ती सायक्लिने उरलेले व्हि-५ही हटवतात. म्हणून स्टार्ट ओलांडलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. डीएनएची प्रत काढण्याची जनुके प्रामुख्याने एमबीएफ हा जोडीदार घटक सांभाळतो.

मळीत साखर मुबलक, पण यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन अपुरा असतो. म्हणून डिस्टिलरीत युरिया, डीएपी घालतात. नायट्रोजन संपला की साखर कितीही असो, पेशी स्टार्टच्या अलीकडेच थांबतात. टाकीत साखर शिल्लक असताना यीस्टची संख्या का वाढत नाही, याचे एक कारण हे आहे.

पुढे एमसीएम-१, एफकेएच-२ व एनडीडी-१ हे घटक मिळून गुणसूत्रे विभागण्याच्या टप्प्याची जनुके चालू करतात. शेवटी स्वी-५ आणि एस-२ यांची पाळी येते. या साखळीतला सर्वांत लक्षवेधी घटक एस-२च म्हणावा लागेल, कारण तो फक्त कन्यापेशीच्या केंद्रकात साठतो. तेथे तो कायटिनेज हे विकर तयार करवतो आणि ते मायलेकींमधली कायटिनची भिंत विरघळवते. एस-२ बिघडला तर विभाजन होते, पण पेशी सुट्या होत नाहीत; सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फांद्या फुटल्यासारखे झुबके दिसतात. कन्यापेशीला पुढच्या स्टार्टपर्यंत जास्त वेळ लागतो, त्यातही एस-२चा हात आहे.

यीस्टची सुमारे ८०० जनुके पेशीचक्राच्या तालावर चालतात, असे १९९८मध्ये आढळले. व्हि-५चे काम माणसात आरबी हे प्रथिन करते. दोघांची घडण वेगळी, पण युक्ती एकच. आरबीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की लहान मुलांच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग होऊ शकतो.