क्योतोच्या बागांतील कोरडे ओहोळ

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बागेत उथळ चर खणून त्यात गोटे व खडी भरण्याची, आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या त्या चराला ओहोळाचे रूप देण्याची पद्धत आज अनेक देशांत दिसत असली, तरी निर्जल प्रवाहाची कला सर्वाधिक बहरली ती जपानमधील क्योतो नगरीत. ‘साकुतेइकी’ हा उद्यानरचनेवरील अकराव्या शतकातील ग्रंथ सामान्यतः ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) याचा मानला जातो. तळे वा प्रवाह नसलेल्या जागी दगड रचण्याला त्यात ‘कारेसान्सुइ’, म्हणजे शुष्क निसर्गदृश्य, असे म्हटले आहे. वाहत्या पाण्याविषयी ग्रंथकार फार काटेकोर आहे. लांबीच्या शेकडा तीन इतका उतार ठेवावा, पाणी अजून आणलेले नसेल तर बांबू उभा चिरून त्याची पन्हळ जमिनीवर उताणी ठेवावी आणि तीत पाणी सोडून चढउतार ठरवावा, असे तो सांगतो.

ओनिनच्या युद्धात (१४६७–७७) क्योतो बेचिराख झाल्यानंतर झेन मठांच्या लहान अंगणांत ही शुष्क रचना बहरली. १५०९ मध्ये स्थापन झालेल्या दाइसेन-इन मठात उभ्या शिळांच्या कपारीतून पांढऱ्या खडीचा ‘धबधबा’ उतरतो, दगडी पुलाखालून जातो आणि पुढे रुंदावलेल्या पात्रात नावेच्या आकाराची एक शिळा बसवलेली दिसते. पाण्याचा थेंबही नसताना त्याचा वेग जाणवतो, आणि हेच या रचनेचे मोठे यश आहे.

असे दगड बसवणाऱ्यांत ‘कावारामोनो’, म्हणजे नदीकाठच्या पडीक जमिनीवर राहणारे लोक, अग्रभागी होते. मेलेली जनावरे सोलणे व कातडी कमावणे ही कामे त्यांच्याकडे असल्याने समाज त्यांना अपवित्र मानी. तरीही शोगुन आशिकागा योशिमासा याने त्यांच्यातीलच झेनआमी याला उद्यानकार म्हणून मान दिला. र्‍योआन-जी मठाच्या बागेतील एका शिळेच्या मागील बाजूस कोरलेली दोन नावे अशाच कारागिरांची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. या बागांचे श्रेय केवळ मठाधिपतींना देणे अन्यायाचे आहे, कारण पाण्याची वाट ओळखणारी नजर या कामकऱ्यांची होती. र्‍योआन-जीचे खडीचे अंगण पाहणाऱ्याला सपाट भासते, पण पावसाचे पाणी साचू नये म्हणून त्याला आग्नेय कोपऱ्याकडे उतार दिलेला आहे.