दिव्यांग बालकांसाठी वाहक सायकल

जे मूल स्वतः पायडल मारू शकत नाही, अथवा ज्यास एकट्याने रस्त्यावर सोडणे इष्ट नाही, अशा दिव्यांग मुलास आईबापांनी किंवा थोरल्या भावंडांनी स्वतःच्या श्रमाने शाळेत, दवाखान्यात वा बाजारात नेता यावे म्हणून मुद्दाम घडविलेली, किंवा साध्या सायकलीत फेरफार करून सिद्ध केलेली सायकल. हाताने चालवावयाची तीनचाकी आणि मागून ढकलावयाची चाकाची खुर्ची यांहून ती भिन्न होय. कारण पहिलीत मूल हाच चालक असतो, दुसरीत चालविणारा पायी असतो, आणि येथे दोघेही एकाच वाहनावर आरूढ असतात. प्रस्तुत नोंदीत तिच्या निवडीचा विचार जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी या गावच्या परिस्थितीस अनुलक्षून केला आहे. (बीड जिल्ह्यातील तालुक्याची आष्टी व १९४२ च्या लढ्यात गाजलेली वर्धा जिल्ह्यातील आष्टी या निराळ्या.)

चालण्यास असमर्थ असलेल्या माणसाने चाकांचा आश्रय घेतल्याचा एक जुना दाखला न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीचा आहे. त्याने १६५५ मध्ये स्वतःसाठी हाताने फिरवावयाची तीनचाकी बनविली. मुलास वाहून नेणारी सायकल मात्र पुष्कळ अलीकडची. कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीतून १९८४ मध्ये निघालेली, पुढील दोन चाकांवर पेटी असलेली सायकल युरोपात कुटुंबवाहन म्हणून रूढ झाली, आणि पुढे पेटीच्या जागी फळी बसवून तीवर चाकाची खुर्चीच चढविण्याचे प्रकार निघाले. जर्मनीच्या हासे कंपनीच्या पिनो या जोडसायकलीत मूल पुढे रेलून बसते आणि मोठे माणूस मागून हँडल सांभाळते. आपल्याकडे दांडीवरची छोटी सीट आणि मागचा कॅरियर एवढ्यावरच डबलसीटचा सारा प्रपंच चालत आला. ज्या मुलाची मान सावरत नाही त्यास या दोहोंचाही उपयोग नाही, हे सांगावयास नको.

निवडीचा आरंभ वाहनापासून न करता बैठकीपासून करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रथम कंबर स्थिर झाली पाहिजे; कंबर सरकू लागली की छातीचा पट्टा गळ्याशी येतो आणि रक्षणाचे साधनच भयाचे कारण ठरते. म्हणून कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी तिरका, छातीचा पट्टा त्यानंतर, आणि तळपायांस पक्का आधार, हा क्रम मोडू नये. सेरेब्रल पाल्सीत ज्या मुलाचे अंग एकाएकी ताठ होते, त्याची बैठक किंचित मागे कललेली व गुडघे वर उचललेले राहतील अशी असावी. स्नायुक्षयाच्या मुलास खड्ड्याच्या एका हिसक्याने मान पुढे पडण्याचा धोका असल्याने डोक्यास दोन्ही बाजूंनी टेकू लागतो. डाऊन सिंड्रोमच्या मुलांपैकी काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तेव्हा खडबडीत रस्त्यावर नेण्यापूर्वी डॉक्टरांचा अभिप्राय घ्यावा. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे ज्याच्या पायांस संवेदना नाही, त्याचा पाय चाकाच्या आऱ्यांत गेला तरी ते ओरडणार नाही. त्याच्यासाठी चाकावर पूर्ण झाकण हवे आणि बुडाखाली जाड गादी हवी. मराठवाड्याच्या वैशाखात उन्हात उभी केलेली पत्र्याची पेटी अशा मुलाची कातडी भाजून काढते आणि ते त्यास कळतही नाही. परदेशी सूचीपत्रांतून ही सूचना सापडण्याचा संभव कमी.

मूल पुढे बसवावे की मागे, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्यास फेफरे येते, लाळ गिळता येत नाही, किंवा ज्याच्या मनात केव्हा उडी घेण्याचे येईल याचा नेम नाही, ते मूल चालविणाऱ्याच्या दृष्टीसमोर असलेच पाहिजे. बोलून सांगू शकणाऱ्या मुलास मागे बसविण्यास प्रत्यवाय नाही. सायकलीमागे जोडावयाची दोनचाकी गाडी स्वस्त व हलकी खरी, परंतु तीत मूल जमिनीलगत, धुरळ्यात आणि ट्रकचालकाच्या दृष्टिरेषेखाली राहते. परतूर-माजलगाव रस्त्यावर ऊसगाड्यांच्या दिवसांत ती वापरण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

आष्टीचा टापू दुधना आणि गोदावरी या नद्यांच्या दरम्यानचा, काळ्या जमिनीचा. पावसाळ्यात ही माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरून चाक जागच्या जागी जखडून टाकते. यास्तव त्या दोहोंमध्ये भरपूर अंतर असलेली सायकल पाहावी, आणि बाभळीच्या काट्यांचा विचार करता जाड टायर पत्करावेत. तीनचाकीविषयी एक दोष विशेष नमूद केला पाहिजे. दोनचाकी सायकल एकाच रेषेने जाते, म्हणून शिवारातील वाटेवर ती दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून किंवा एखाद्या चाकोरीतून वाट काढते. तीनचाकीस तीन रेषा लागतात, आणि तिची रुंदी बैलगाडीशी किंवा ट्रॅक्टरशी जुळत नसल्याने एक चाक खाली व दुसरे वर राहून सारे वाहन मुलासह कलते.

वळणावरही तीनचाकी झुकत नाही, उलटते. दोन चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर आणि माणसांसह गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर धरला, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १७ किलोमीटरच्या आसपासच आतले चाक उचलले जाते, आणि बूड त्रिकोणी असल्यामुळे खरी मर्यादा याहूनही खाली येते. तात्पर्य, मुलाची बैठक जितकी खाली घेता येईल तितकी घ्यावी, आणि वळणापूर्वीच वेग उतरवावा. साधी तीनचाकी मालसायकल स्थानिक वेल्डरकडून बदलून घेण्याचा मार्ग या भागात सर्वांत सुलभ, कारण तिचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही जवळपास मिळतात. परंतु तिचा ब्रेक अनेकदा नावापुरता असतो. दोन स्वतंत्र ब्रेक आणि उभी असता चाक जखडून ठेवणारी खीळ यांवाचून तीत मूल बसवू नये.

भाराचा हिशेबही करावा. बाप ६० किलो, मूल २५ आणि वाहन ४५, असे १३० किलो ओझे खराब रस्त्याच्या ३ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने नेण्यास सुमारे १४० वॅट शक्ती लागते, आणि धडधाकट माणसासही ती फार वेळ पुरविणे कठीण जाते. विजेच्या मोटारीची सोय येथे चैन म्हणून गणू नये. मोटार २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत व वाहन बॅटरीखेरीज ६० किलोच्या आत असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेने त्या नमुन्यास मान्यता दिली असेल, तर नोंदणी व परवाना लागत नाही. उलट मोटरसायकलीस बाजूची चाके किंवा खुर्ची जोडावयाची झाल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी आवश्यक आहे. गावोगाव हे जोडकाम मंजुरीशिवाय होत असेल, परंतु अपघातानंतर विम्याच्या दाव्यात तेच आड येते.

सरकारी तजविजीची स्थिती अशी. केंद्राच्या साधनसाहाय्य योजनेतून, बहुधा कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमामार्फत, तीनचाकी, चाकाची खुर्ची आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खास खुर्ची मिळते. मोटारीची तीनचाकी १६ वर्षांवरील व्यक्तीसच. ही साधने स्वतः चालविण्याची किंवा ढकलण्याची आहेत. आईबापांनी चालवावयाच्या वाहनाचा विचार त्यांत जवळजवळ नाही, आणि ही उणीव आम्हांस मोठी वाटते, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या लक्षणीय दिव्यांग मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला असला तरी शाळेपर्यंतची वाट त्या मुलास कोणीतरी काटून द्यावीच लागते. निगमाची खास खुर्ची मालसायकलीच्या पेटीत काढघालीच्या कड्यांनी बसविता आली, तर बैठकीचा अर्धा प्रश्न सुटतो. शिवाय परतूर तालुका १९८१ मध्ये परभणीतून जालन्यात आल्यापासून दिव्यांगत्वाच्या दाखल्याची मोठी कामे जालन्यासच होतात, आणि तेथे जावयाचे तर सायकल परतूर स्थानकाबाहेर ठेवून गाडी धरावी लागते. सुटी होणारी बैठक अशा वेळी डब्यातही उपयोगी पडते.

खर्चासाठी ग्रामपंचायतीने दिव्यांगांकरिता राखावयाच्या ५ टक्के निधीतून दरखास्त करता येते. दरखास्तीस दिव्यांगत्वाचा दाखला अथवा स्वावलंबन कार्ड जोडावे, आणि ‘सायकल’ एवढेच न लिहिता बैठक, पट्टे, ब्रेक व चाकांची झाकणे यांचा तपशील दरपत्रकासह स्वतंत्र नमूद करावा. नाहीतर मंजुरी साध्या सायकलीची येते आणि बैठकीचा खर्च पुन्हा घरावर पडतो.