सार्वभौमाला नकार देणारा पहारेकरी

१/ मध्यरात्र. सर्व्हर नवा, त्यावर प्रॉक्सी म्हणून एन्जिनएक्स बसवलेले. ८०८५ या पोर्टवर त्याने ऐकावे अशी आज्ञा दिली, तर उत्तर आले: परवानगी नाकारली. आज्ञा देणारा मी 'रूट', म्हणजे त्या यंत्रावरचा सार्वभौम! फायलींचे हक्क तपासले, फायरवॉल पाहिली, पोर्ट दुसऱ्या कुणी धरून ठेवले आहे काय तेही पाहिले. सारे ठीक. मग सार्वभौमाला अडवणारा हा कोण? त्याचा माग काढता काढता १९७२ पर्यंत जाऊन पोहोचलो. #धागा

२/ युनिक्सची जुनी राज्यव्यवस्था सोपी होती. फाइल ज्याची, तिचे हक्क तोच ठरवणार. रूटला कशाचीच आडकाठी नाही. पोर्टांबाबत बर्कलीच्या युनिक्सने एकच रेघ ओढली: १०२४ च्या खालची पोर्टे फक्त रूटने उघडावीत, वरची सर्वांना मोकळी. परिणाम असा, की रूटच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम फितूर झाला, तर गडाच्या साऱ्या किल्ल्या एकदम शत्रूच्या हाती.

३/ १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला. त्यांना हवा होता असा पहारेकरी, ज्याला चुकवून कोणतीही मागणी पुढे सरकणार नाही, ज्याच्याशी छेडछाड करता येणार नाही आणि जो कसून तपासता येईल इतका लहान असेल. पुढे बेल आणि लापाडुला यांनी गोपनीयतेच्या श्रेणींचे गणित मांडले. पण त्या लष्करी पायऱ्या रोजच्या व्यवहाराला जाचक ठरल्या.

४/ १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी निराळी वाट काढली. प्रत्येक प्रक्रियेला एक बिल्ला, प्रत्येक वस्तूला एक बिल्ला, आणि कोणत्या बिल्ल्याने कोणत्या बिल्ल्याशी काय करावे याचा एक तक्ता. तक्त्यात नोंद नसेल, तर नकार. 'टाइप एन्फोर्समेंट' ती हीच. माझ्या मते या कथेचा नायक हा तक्ताच. बाकीचे सारे त्याचे वाहक.

५/ अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, युटा विद्यापीठाच्या साथीने 'फ्लास्क' ही रचना घडवली, ती लिनक्समध्ये उतरवली आणि डिसेंबर २००० मध्ये सारा मूळ कोड जगासाठी खुला केला. हेरगिरी करणाऱ्या संस्थेने दिलेले कुलूप! संशय येणे स्वाभाविक होते. पण कोड उघडा होता, आणि तो वाचणारे डोळे असंख्य.

६/ २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नल परिषदेत हे काम मांडले गेले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एकाच पद्धतीला कर्नलमध्ये आसन देण्याचे टाळले. कोणतीही सुरक्षा-पद्धत जोडता येईल अशी सामाईक चौकट त्यांना हवी होती. ती उभी राहिली, आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या कर्नलबरोबर एसई-लिनक्स मुख्य प्रवाहात आले.

७/ २००४ च्या फेडोरा कोअर २ मधले धोरण इतके कडक होते, की ते मूलतः बंद ठेवूनच वितरण बाहेर पडले. त्याच वर्षीच्या फेडोरा कोअर ३ ने शहाणपणाची तडजोड केली: पहारा फक्त जाळ्याला तोंड देणाऱ्या निवडक सेवांवर. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून हाच पहारेकरी आपल्या खिशातल्या फोनमध्येही पूर्णवेळ उभा आहे.

८/ आता पुन्हा त्या मध्यरात्रीकडे. ऑडिट लॉगमध्ये ओळ सापडली: 'एचटीटीपीडी-टी' हा बिल्ला असलेल्या प्रक्रियेला 'नेम-बाइंड' नाकारले. वेबसेवेच्या यादीत ८०, ८१, ४४३, ४८८, ८००८, ८००९, ८४४३ आणि ९००० एवढीच पोर्टे होती, ८०८५ नव्हते. 'सेमॅनेज पोर्ट' या आज्ञेने ते यादीत घातले आणि प्रॉक्सी उभा राहिला.

९/ पण पाने उघडताच ५०२! प्रॉक्सी मागच्या ८०८० वरील ॲपशी बोलू शकत नव्हता, आणि माझ्या टर्मिनलवरून कर्लने तेच ॲप बिनदिक्कत उत्तर देत होते. कारण माझ्या शेलचा बिल्ला निर्बंधमुक्त, प्रॉक्सीचा बंदिस्त. फितूर झालेल्या वेबसर्व्हरचा वापर इतरांवर हल्ले करण्यासाठी होतो, म्हणून त्याने स्वतःहून बाहेर जोडणी करणे मूलतः निषिद्ध आहे.

१०/ इथेच बहुतेकांचा हात 'सेटएनफोर्स ०' कडे जातो. माझाही गेला होता, कबूल करतो. त्या एका आज्ञेने पहारेकरी नुसता नोंदी करणारा कारकून होतो, तोही साऱ्या यंत्रावर. 'एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट' ही खिडकी उघडली तरी काम होते, पण मग प्रॉक्सीला कुठल्याही पोर्टाशी बोलता येते. शेजारीच 'एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-रिले' ही अरुंद खिडकी आहे. वेब आणि तत्सम मोजक्या सेवांच्या पोर्टांपुरती. मी ती कायमची उघडली, पान पुन्हा मागवले, आणि ते आले.