राजभट, वतन आणि सक्ती

लष्करी सक्तीचे कायदे जुन्या दप्तरांत शोधताना कुणकेश्वरसारखे एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवावे. देवगड तालुक्यातील हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. म्हणून त्याचे ब्रिटिशकालीन कागद रत्नागिरी जिल्हा व मुंबई इलाखा यांखाली पाहावे लागतात.

पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स अ‍ॅक्ट झाला. त्यातील सक्ती युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरतीच होती. भारतीयांना केवळ स्वेच्छेने नाव नोंदविता येई. १९४० चा राष्ट्रीय सेवेचा कायदाही युरोपीयांसाठीच होता.

कोकणातील महारांवर सैन्यसेवेची सक्ती नव्हती; उलट बंदी होती. मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या या समाजाची भरती १८९२ मध्ये थांबविण्यात आली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतिपत्र सिद्ध केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी केली. युद्धाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा महायुद्धाच्या काळातच महार रेजिमेंट स्थापन झाली.

मग सक्ती कोठे होती? ती वतनात होती. वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्याने महारांच्या गावकीला सरकारी मान्यता दिली. तो बदलण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महार वतन नाहीसे करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. सैनिकाचा मान नाकारणारे आणि वेठ लादणारे राज्य एकच होते. म्हणून केवळ लष्करी कायदे वाचणाऱ्यास अर्धाच इतिहास दिसतो.

या प्रश्नाची जुनी नोंद विनयपिटकातही आहे. मगधाच्या सीमेवर अशांतता माजली असता काही सैनिकांनी युद्धातील पाप टाळण्यासाठी प्रव्रज्या घेतली. बिंबिसाराने तक्रार केल्यावर, राजभटास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी 'तू राजभट तर नाहीस ना?' या अर्थाचा प्रश्न विचारला जातो. तो सर्वांना सारखाच विचारला जातो. कुळ पाहून नव्हे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये हीच समता आढळते. वेठबिगारीस तेथे मनाई आहे. सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येते. पण केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांच्या आधारे भेदभाव करता येत नाही. १८७४ च्या कायद्याशेजारी हा अनुच्छेद ठेवून वाचावा. म्हणजे त्यातील 'जात' हा शब्द किती पिढ्यांच्या वेठीनंतर तेथे आला, हे कळते.